रडणारं चाक

वजनकाट्यासमोरच्या पटांगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी बटाट्याच्या गोण्यांवर चढलेलं, कोणी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेलं, तर कोणी पाण्याच्या टाकीची शिडी धरून लोंबकळत होतं. सगळ्यांचे कान एका ट्रॉलीच्या चाकाकडे लागले होते.

"घे पुढे," तेलबाबा म्हणाले.

दूधवाल्यानं ट्रॅक्टर हळूच पुढे घेतला आणि ब्रेकवर पाय टेकवला. मागच्या ट्रॉलीच्या चाकातून आवाज निघाला. लांबलचक, चिरका, आणि शेवटी हुंदका फुटावा तसा तुटणारा. कडेवरची माझी छकुली दचकली आणि तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं.

"ऐकलंत?" बाबांनी भोंगा तोंडाजवळ धरला. "लोखंड कधी रडतं का? लोखंडाला आई असते का, बाप असतो का? मग हे रडतंय कोण? अहो, जगातलं सगळं दुःख एकाच गोष्टीनं होतं. घर्षण. नवरा-बायकोत घर्षण, भावाभावात घर्षण, देहात आणि आत्म्यात घर्षण. शास्त्रज्ञांनी घर्षण शोधलं, पुस्तकात छापलं, पोरांना पाठ करायला लावलं. पण त्यावर इलाज शोधला का? नाही शोधला. त्यासाठी आम्हाला डोंगरात अर्धं आयुष्य बसावं लागलं."

"बसून बसून गंज चढला असणार, म्हणून तेल लागतंय," मागून कोणीतरी पुटपुटलं. दोघं-चौघं हसले. बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं.

बाबांनी झोळीतून लांब चोचीची तेलाची बुधली काढली. चाकाच्या मागच्या पत्र्याला एक भोक असतं. मिस्त्री त्यातून आत डोकावून ब्रेक किती झिजलाय ते बघतात. बाबांनी त्या भोकात बुधलीची चोच घातली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि बुधलीचं बूड दाबलं. टक, टक, टक. मग भोकात लाल कापडाचा बोळा कोंबला आणि दूधवाल्याला पटांगणात गोल फेऱ्या मारायला लावल्या.

"आता दाब ब्रेक."

दूधवाल्यानं दाबला. चाक फिरत राहिलं, हळू झालं, थांबलं. आवाज नाही. आख्ख्या पटांगणातून एकच उसासा निघाला. "पुढचं पीक निघेपर्यंत हे चाक कोणी उघडायचं नाही," बाबांनी बजावलं. "उघडलं, तर आत शांत झालेला आत्मा बाहेर येईल, आणि उघडणाऱ्याच्याच घरात शिरेल."

माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. मी त्यांचा हात धरायला गेले, तर हात जागेवर नव्हता. त्या गर्दीतून वाट काढत बाबांकडे निघाल्या होत्या.

का निघाल्या, ते सांगायला हवं.

आमचं गॅरेज आणि घर एकाच छपराखाली आहे. पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं, मागे दोन खोल्यांत आम्ही. नवरा ब्रेकचा मिस्त्री. इथली शेतं वर पठारावर आणि शीतगृह खाली सखल भागात, मध्ये नागमोडी उतार. भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटत नेते. तिच्या स्वतःच्या चाकांना ब्रेक नसेल तर एकट्या ट्रॅक्टरचा ब्रेक पुरा पडत नाही. म्हणून या भागात ब्रेकच्या मिस्त्रीला डॉक्टरइतका मान. नवऱ्याची एक पद्धत होती. काम झालेली कुठलीही ट्रॉली तो आधी गॅरेजसमोरच्या सिमेंटच्या उतारावर उभी करायचा, ट्रॅक्टरचा गिअर काढायचा, फक्त ट्रॉलीचा हातब्रेक ओढायचा आणि चाकाखालचा लाकडी ठोकळा काढून टाकायचा. मग सावकाश गाडीभोवती एक चक्कर मारायचा. तेवढ्यात चाक तसूभरही हललं, तर गाडी परत आत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

माझे धाकटे दीर आमची स्वतःची ट्रॉली चालवायचे. मोठ्यानं हसणारे, छकुली जन्मायच्या आधीच तिच्यासाठी खुळखुळा आणून ठेवणारे. गेल्या हंगामात बटाटे घेऊन उतरताना मोठ्या वळणावर ट्रॉलीनं ट्रॅक्टरला रेटलं आणि सगळंच डाव्या बाजूला कलंडलं. ते जागच्या जागी गेले. धावत गेलेल्या लोकांनी सांगितलं, ट्रॉलीचं उजवं चाक आभाळाकडे तोंड करून किती तरी वेळ फिरत होतं. जीव जाईना म्हणे त्याचा.

त्यानंतर लोक बोलायला लागले. अंगवळणी पडलेला रस्ता, स्वच्छ उजेड, आणि याला ब्रेक दाबता आला नाही? दाबायचाच नसेल. मनात काहीतरी असेल. सासूबाईंच्या कानापर्यंत हे सगळं यायचं. त्या कुणाला उत्तर द्यायच्या नाहीत. फक्त जेवण कमी होत गेलं.

नवऱ्यानं डावं चाक नवं केलं. ड्रम, ब्रेकचे शू, बेअरिंग, सगळं. उजव्याला काही लागलं नव्हतं, म्हणून त्याला हात लावला नाही. ट्रॉली पुन्हा चालू झाली, आता नवराच ती चालवायला लागला, आणि थोड्याच दिवसांत मोठ्या वळणावर ती रडायला लागली. वळणावरचा तो चिरका आवाज मागच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. सासूबाई भाजी चिरता चिरता थांबायच्या. "आई म्हणतोय," त्या म्हणायच्या. "नीट ऐक. शेवटी आई म्हणतोय."

मला ते 'आई' ऐकू यायचं नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून तसं म्हणायची हिंमतही व्हायची नाही.

तर त्या बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे मिटून म्हणाले, "ज्यानं आपण होऊन जीव दिला, त्याला एकट्या तेलानं शांत करता येत नाही, बाई. त्याला रक्ताचं माणूस लागतं. घरात तान्हं आहे का?"

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या कडेवर.

"उद्या तुमच्या दारी येतो," बाबा म्हणाले. "तेल घालतो. लगेच भरल्या ट्रॉलीत आजीनं नातीला मांडीवर घेऊन बसायचं आणि उतार उतरायचा. वळणावर तो पोरीला बघेल आणि रडणं सोडेल. पुन्हा म्हणून आवाज येणार नाही."

"भरल्या ट्रॉलीत? एवढीशी पोर?" मी म्हणाले.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

दुपारी मी नवऱ्याचा डबा घेऊन पायवाटेनं खाली शीतगृहावर गेले. तो नुकताच माल घेऊन उतरला होता आणि आत काट्यावर गेला होता. मी ट्रॉलीच्या सावलीत बसले. छकुलीनं सगळे कपडे भिजवून ठेवले होते. नळावर लंगोट धुतले आणि दुसरी जागा दिसेना म्हणून दोन एका चाकावर, दोन दुसऱ्यावर असे मधल्या लोखंडावर पसरून टाकले.

थोड्या वेळानं बघते तर डाव्या चाकावरच्या लंगोटांतून वाफ निघत होती. इस्त्री केल्यासारखे कडक झाले. उजव्या चाकावरचे जसेच्या तसे ओले. मी हात लावून पाहिला. उजवं चाक माठासारखं गार होतं.

लग्नाच्या नव्या नवलाईत नवऱ्यानं मला गॅरेज दाखवताना सांगितलं होतं, उतार उतरून आलेल्या गाडीच्या चाकांपाशी हात नेऊन बघायचं. ब्रेक लागला असेल तर चाक तापणारच. दोन्ही सारखी गरम असली तर बरोबर. एक गार असेल, तर ते नुसतं फिरतंय, काम करत नाही. त्या वेळी मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचे काळे झालेले हात बघण्यातच जास्त रस होता. पण ऐकलेलं डोक्यात राहिलं होतं.

तो आला. मी त्याचा हात धरला आणि उजव्या चाकावर ठेवला. मग डाव्याजवळ नेला.

त्यानं हात काढून घेतला.

"हे गार आहे," मी म्हणाले. "म्हणजे सगळा भार एकटं डावं चाक घेतंय. एकट्यानं दोघांचं घासतंय, म्हणून तापतंय, म्हणून ओरडतंय. हो ना? आणि उद्या तो माणूस नेमकं त्याच चाकात तेल घालणार आहे."

"जेवायला वाढ."

"उजवं चाक उघडून बघ ना."

"त्या चाकाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. त्यानं डबा माझ्याकडून ओढून घेतला. "त्याला काही झालेलं नाही."

त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. त्याला माझा प्रश्न कळला होता, आणि उत्तरही माहीत होतं. बहुधा वर्षभर माहीत होतं. दिरांच्या ट्रॉलीच्या चाकांचं काम त्यानंच केलं होतं. आत्म्याचंच रडणं असेल, तर कुणाचाच दोष नव्हता. उजवं चाक उघडलं, तर मात्र तो कुणाचा तरी होणार होता.

संध्याकाळी मी पुन्हा विषय काढला. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि तो हत्यारं पुसत बसला होता.

"तू जरा समजून घेशील का?" मी म्हणाले. "मी तुला दोष द्यायला आलेली नाही. मला फक्त माझी पोर सुखरूप हवी आहे."

"आईला एकदा शांत झोप लागू दे," तो म्हणाला. "मी हळू नेईन. पहिल्या गिअरमध्ये नेईन. मी आहे ना चालवायला?"

"भाऊजी पण होते चालवायला."

त्यानं पाना खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला.

मी आत येऊन पिशवी भरायला घेतली. लंगोट, दुपटं, औषधाची बाटली. "माहेरी जाते दोन दिवस," मी म्हणाले. सासूबाई छकुलीला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "जा की. पोर इथे राहील. तिच्या काकाला तिला बघायचंय." मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझी एक पोर आहे ना गं. माझा एक गेलाय. उद्यापासून निदान तो रडणार तरी नाही."

मी पिशवी रिकामी केली. त्यांच्याशी भांडायला त्या दुष्ट असायला हव्या होत्या, आणि त्या दुष्ट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस माझ्या उशाशी बसलेली बाई होती ती. तिच्या हातून पोर ओढून घ्यायची तरी कशी? आणि घेतली तरी पळणार कुठे, रस्ताही तोच होता, उताराचा.

सकाळी बाबांची जीप आली. मागोमाग कालची सगळी गर्दी. आमची ट्रॉली निम्म्यापर्यंत भरून पहाटेपासून गॅरेजसमोरच्या सिमेंटच्या उतारावर उभी होती, हातब्रेकवर. बाबांनी ती खालच्या सपाट जागेवर घ्यायला लावली. नवऱ्यानं ब्रेक दाबला, डावं चाक रडलं, सासूबाईंचे डोळे भरले. बाबांनी घर्षणावरचं सगळं व्याख्यान पुन्हा दिलं. त्यात आज सासू-सुनेचं घर्षणही आलं, माझ्याकडे बघून. बुधली निघाली. टक, टक, टक, आणि कालच्यापेक्षा जास्तच, कारण आत्मा हट्टी होता. लाल बोळा. गोल फेऱ्या. पुन्हा ब्रेक.

काहीच आवाज नाही.

"झोपला," सासूबाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला वाटतं फक्त मीच ऐकलं. मग त्यांनी माझ्या हातून छकुलीला घेतलं. मी बोटं सोडत नव्हते, ती त्यांनी एकेक करून सोडवली. नवऱ्यानं ट्रॉली मागे घेऊन पुन्हा सिमेंटच्या उताराच्या माथ्यावर आणली, चाकाखाली ठोकळा लावला. बायकांनी गोण्यांवर गोधडी अंथरली. सासूबाई वर चढून बसल्या, मांडीवर माझी पोर. तिला गंमत वाटत होती. ती गोधडीचा टाका ओढून बघत होती.

नवरा ट्रॅक्टरवर बसायला निघाला.

"थांब," मी म्हणाले. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते. त्या वेळी ते तोंडात आलंच नाही. "तू परक्याची ट्रॉली परीक्षा घेतल्याशिवाय कुणाच्या ताब्यात देत नाहीस. दूधवाल्याची एकदा तू दिवसभर अडवून ठेवलीस. आज आपली पोर बसलीय, तर आज परीक्षा का नाही?"

लोक पुढे सरकले.

"शंका म्हणजेच घर्षण, बाई," बाबा भोंग्यातून म्हणाले. भोंग्याची गरज नव्हती, मी समोरच होते.

"मग बाबा, पहिल्या खेपेला तुम्हीच बसा आईंच्या शेजारी. जागा आहे."

"आम्ही चाकांच्या पलीकडे गेलेलो आहोत."

"आलात मात्र जीपनंच," दूधवाला म्हणाला, आणि या वेळी हसणाऱ्यांना कोणी गप्प केलं नाही.

नवरा ट्रॅक्टरच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. वर गोधडीवर त्याची लेक त्याला बघून हात हलवत होती. त्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला. मग म्हणाला, "आई, उतर खाली."

"का रे? आत्ता कुठे झोपलाय तो."

"परीक्षा घेतो. सगळ्यांच्या गाडीची घेतो. झाली की बस."

सासूबाई उतरल्या. छकुलीला मी घेतलं आणि मागे सरले, भिंतीला पाठ लागेपर्यंत. नवऱ्यानं गिअर काढला, ट्रॉलीचा हातब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत ओढला. "पहाटेपासून ही गाडी याच ब्रेकवर इथेच उभी होती," तो लोकांना म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय." मग खाली वाकला, हातोड्यानं ठोकळा बाहेर काढला आणि चटकन ट्रॅक्टरवर चढला.

चक्कर मारायला वेळच मिळाला नाही. ठोकळा निघताक्षणी ट्रॉली निघाली. ट्रॅक्टरला रेटत, वेग घेत, आणि कसलाही आवाज न करता. मला अजून तीच गोष्ट आठवते, ती शांतता. नवरा ट्रॅक्टरचा ब्रेक दाबून उभाच राहिला होता, तरी दोन्ही गाड्या खालच्या जुन्या टायरांच्या ढिगात घुसूनच थांबल्या. गोण्या पुढे घसरल्या. गोधडी खाली पडली आणि तिच्यावर दोन गोण्या.

सासूबाई त्या गोधडीकडे बघत होत्या.

"अविश्वासानं," बाबा म्हणाले, "एका स्त्रीच्या अविश्वासानं आत्मा..."

"थांबा हो जरा," नवरा म्हणाला. त्यानं जॅक लावला. डाव्या चाकाचे नट सैल केले, चाक उतरवलं, ड्रम ओढून काढला. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. आत दोन अर्धगोल शू, त्यांच्यावर खडबडीत लायनर. तो एकेक गोष्टीवर बोट ठेवून सांगत गेला, शाळेत शिकवावं तसं. "ब्रेक दाबला की हे दोन शू फाकतात आणि लायनर डब्याला आतून घासतं. घासलं तरच चाक थांबतं. बाबा ज्याला दुःखाचं मूळ म्हणतात, त्याच घर्षणावर आपण सगळे रोज हा उतार उतरतो." लायनरवरून त्यानं बोट फिरवलं आणि वर धरलं. बोटावरून तेल ओघळलं. "आणि हे घासू नये म्हणून आत काय घातलंय, बघा."

"पण आवाज तर थांबला होता," कोणीतरी म्हणालं.

"ओल्या बोटानं काचेच्या पेल्याची कड घासा, पेला वाजतो. बोटाला तेल लावून घासा, वाजणार नाही. तेवढंच केलंय. सपाट पटांगणात गाडी आपोआपच थांबते, म्हणून कुणाला कळत नाही. म्हणून तर सगळी जादू सपाटीवर."

दूधवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. थोड्या वेळात तो दुधाचे कॅन घेऊन उतरणार होता. तो सावकाश चालत बाबांपाशी गेला, त्यांच्या हातातली बुधली काढून घेतली आणि जीपच्या चाकापाशी उकिडवा बसला. "बाबा, तुमच्या जीपच्या चाकांतही दोन-दोन थेंब सोडू का? जाताना तुम्हालाही उतार लागेल."

बाबा जवळजवळ धावतच आले. "गाडीला हात लावू नकोस. माणसं मरतील."

हे बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो. सगळ्यांनाच कळलं. जीप निघून गेली तेव्हा कोणी अडवलं नाही. जो तो बाबांनी काल तेल घातलेल्या आपापल्या ट्रॉलीकडे पळत होता, लाल बोळे उपटायला.

अंगणात आम्हीच उरलो. नवरा उजव्या चाकासमोर पाना घेऊन उभा होता. मी म्हणाले, "आज नको उघडूस. उद्या उघड."

"आजच," तो म्हणाला.

ड्रम निघाला आणि आतून ग्रीस लोंबलं. काळं, घट्ट, लायनरवर थापल्यासारखं. इथे सगळेच हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळीत, ग्रीस भरताना हात सैल सोडतात. आपल्या माणसाची गाडी असली की आणखी सैल. जास्त भरलं म्हणजे जास्त जपलं, असं वाटतं. हब तापला की ते जास्तीचं ग्रीस वाट शोधतं, त्याला अडवणाऱ्या रबरी सीलची कड फाटलेली असेल तर सरळ ब्रेकवर येतं. सीलची कड फाटलेली होती. जुनंच सील परत बसवलेलं होतं.

नवरा खाली बसला. "मी भरलं होतं," तो म्हणाला. "तो म्हणाला होता, दादा, बस झालं. मी म्हटलं, राहू दे, तुझ्या चाकाला कमी नको."

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी त्या काळ्या ग्रीसकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मला वाटलं, आता त्या किंचाळतील किंवा त्याला मारतील. त्यांनी विचारलं, "मग तो रडत नव्हता?"

"नाही, आई."

"हे चाक फिरत राहिलं होतं. लोक म्हणाले ते. त्यानं ब्रेक दाबलाच नव्हता, म्हणून ना?"

नवऱ्यानं नकारार्थी मान हलवली. "गाडी उचलली तेव्हा हातब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेला होता. मीच सोडवला, जोर लावून. कुणाला सांगितलं नाही. तेवढा ब्रेक ओढूनही हे चाक फिरत होतं, म्हणजे चाकच धरत नव्हतं, आई. त्यानं सगळं करून पाहिलं."

"म्हणजे त्याला जगायचं होतं."

"हो."

सासूबाई खाली बसल्या, तिथेच, तेलानं माखलेल्या सिमेंटवर. किती तरी वेळ त्या रडल्या. चाकाच्या आवाजासारखं ते रडणं मुळीच नव्हतं. मी छकुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. या वेळी माझी बोटं कुणाला सोडवावी लागली नाहीत. नवऱ्याला त्यांनी माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. अजूनही ते तसंच आहे. पण रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "हे पुसून चालेल का?"

"तेल प्यालेलं लायनर पुसून चालत नाही. नवं घालावं लागतं. दोन्ही चाकांना. सीलही नवं."

"मग घाल. मी बसते इथे."

काम संपेपर्यंत त्या बसून राहिल्या. परीक्षेच्या वेळी ठोकळा त्यांनीच काढला. ट्रॉली जागची हलली नाही.

तेलबाबा दुसऱ्या कुठल्या पटांगणात गेले असतील. तिथेही कोणाची तरी आई गर्दीतून वाट काढत पुढे निघाली असेल. तिला अडवायला मी तिथे नाही, म्हणून हे लिहिलं. चाक ओरडलं तर त्याला गप्प करू नका. उघडा आणि आत बघा. आत जे सापडेल ते कदाचित आपल्याच हातचं असेल, आणि बघवणार नाही. तरीही बघा. उद्या त्या गाडीत कोण बसणार आहे, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.